नवरी नाक्यापलीकडे

ते साल होतं १९८६. महिना ऑक्टोबर. द्राक्षांची तोडणी नुकतीच आटपली होती आणि आमच्या रोटेनबाखच्या प्रत्येक तळघरातून नव्या वाइनचा आंबूस वास थेट रस्त्यापर्यंत येत होता. साल मी विसरणं शक्य नाही. त्याच सप्टेंबरात पॅरिसमध्ये बॉम्ब फुटले, माणसं मेली आणि सरकारने घाईघाईने नियम काढला: युरोपच्या सामायिक बाजारातले देश आणि स्वित्झर्लंड सोडून बाकी कुणालाही फ्रान्समध्ये पाऊल ठेवायचं असेल तर व्हिसा घेऊन यायचं. ऑस्ट्रियाच्या माणसानेही, स्वीडनच्याही. आणि नॉर्वेच्याही.

नॉर्वेचीच एक मुलगी तेव्हा आमच्या घरात सून म्हणून यायची होती. तिचं नाव सुनिवा.

माझ्या भावाचा, आल्बेरचा, एकुलता एक मुलगा एतियेन. त्याची आई तो चालायला लागायच्या आत गेली, म्हणून त्याला वाढवलं माझ्या आईने, सालोमेने. तो वाइनची ओकची पिंपं करायचा. लाकूड वाफेवर वाकवण्याची आणखी एक पद्धत शिकायला म्हणून नॉर्वेतल्या एका बेटावर, होड्या बांधणाऱ्या तोरलाइफ नावाच्या म्हाताऱ्याकडे, वर्षभर राहिला आणि परत आला तो म्हाताऱ्याच्या मुलीचा फोटो खिशात घालून. मुलगीही कारागीरच. ती घरी आली तेव्हा तिचे हात बघून आई म्हणाली होती, "हिला अंगठी बसवायला सोनार नको, सुतार बोलवा." पण दुसऱ्याच दिवशी तिने सुनिवाला स्वतःच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, आणि त्या खुर्चीवर आई मांजरालाही बसू देत नसे.

आमचं गाव संपतं तिथे रस्ता उतरतो. खाली ओढ्यावर एक छोटा पूल आहे. तेव्हा पुलाच्या अलीकडे फ्रान्सचा नाका होता, पलीकडे जर्मनीचा, आणि त्याला लागूनच हिंटरवाइलरचं पहिलं घर, म्हणजे हाइनरची खानावळ. आमच्या लोकांचे द्राक्षमळे त्यांच्या हद्दीत, त्यांचे आमच्या हद्दीत. दोन्हीकडची बोली एकच. आम्ही पावाला तिकडे जायचो, ते मोहरीला इकडे यायचे. नाक्यावरचे लोक आम्हाला नावाने ओळखायचे आणि कागद कुणी मागितला असता तर आम्ही त्याला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला असता.

फक्त माझी आई तो पूल ओलांडत नसे.

मला एक थोरला भाऊ होता, शार्ल. १९४० साली जर्मन आले, हा मुलूख आमचाच म्हणाले, शार्लचा त्यांनी कार्ल केला आणि १९४३ मध्ये अंगावर त्यांचा गणवेश चढवून त्याला रशियाच्या आघाडीवर पाठवलं. गावातल्या पोरांनी भरलेला ट्रक याच उतारावरून गेला. आई ट्रकच्या मागे पुलापर्यंत धावली आणि तिथे थांबली. शार्ल परत आला नाही. कुठे पुरला तेही कळलं नाही. त्यानंतर आईने पुलावर पाऊल ठेवलं नाही. ती कुणाला शिव्या देत नसे, आम्हाला जाऊ नका म्हणत नसे. स्वतः जात नसे, एवढंच. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिंटरवाइलरच्या चर्चचं टोक दिसायचं आणि घड्याळ मात्र ती त्याच्या घंटेवर लावायची.

तर लग्न. आमच्याकडे दोनदा लग्न लागतं. शुक्रवारी गावच्या कचेरीत महापौरासमोर, कायद्याचं. शनिवारी चर्चमध्ये, आपलं. आणि या दोन लग्नांच्या मधल्या दुपारी नवऱ्याचे मित्र नवरीला पळवतात. कुठल्या तरी खानावळीत नेऊन बसवतात, खातात, पितात, गातात. नवऱ्याने खानावळीमागून खानावळ धुंडाळायची, प्रत्येक ठिकाणी एक पेला रिचवायचा आणि अखेर नवरीला सोडवून घरी आणायचं. अंधार पडायच्या आत आणली तर सगळा खर्च नवऱ्याचा. नाही जमलं तर पळवणाऱ्यांचा, कारण परत आणताच येणार नाही इतकी नवरी लपवायची नसते. आमच्या गावची आणखी एक खोड होती. नवरी नेहमी पुलापलीकडे न्यायची, म्हणजे नवऱ्याला दोन गावं पालथी घालावी लागतात. माझ्या आजीलाही तसंच नेलं होतं म्हणतात.

त्या शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसाच्या जेवणाची मातीची भांडी भरत होते. मांस, बटाटे, कांदा, वाइन, आणि झाकणाच्या कडेने कणकेची दोरी दाबून भांडं बंद. रात्रभर ते बेकरीच्या निवत्या भट्टीत राहतं. आम्ही त्याला बेकेऑफा म्हणतो. आई खुर्चीवर बसून माझ्या कणकेला नावं ठेवत होती. बाहेर ट्रॅक्टर गेला, तुतारी वाजली, सुनिवाचं हसू ऐकू आलं. मला बरं वाटलं. म्हटलं, रुळली पोरगी.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास दारात बर्नार उभा. हा एतियेनचा जिवलग मित्र, गावच्या बँडमधला ढोलवाला, पळवापळवीचा म्होरक्या. टोपी हातात. एरवी टोपी तो चर्चमध्येही काढायचा नाही.

"आत्या, जरा बाहेर येता?"

"इथेच बोल. कुणाचं काय मोडलं?"

"काही मोडलं नाही. नवरी परत येत नाहीये."

"म्हणजे? भांडली?"

"तशी येतेय. पण नाक्यावरचा पोलीस येऊ देत नाही."

मग हळूहळू बाहेर आलं. बॉम्बनंतर नाक्यावर दूरदूरच्या प्रांतांतून जादा पोलीस आणले होते. त्यातला एक फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातला, ल गोफ नावाचा. पन्नाशीचा, मिशाळ, समुद्राकाठी वाढलेला, आमच्या टेकड्यांना कंटाळलेला. ट्रॅक्टर नाक्यावर पोचला तेव्हा त्याने हात वर केला. आमची मंडळी ओरडली, "लग्न आहे, लग्न!" तो हसला आणि बाजूला झाला. तेवढ्यात सुनिवाने पिशवीतून पासपोर्ट काढून त्याच्यापुढे धरला. तिला व्हिसा देताना बजावलं होतं की कागद कायम जवळ ठेवा आणि विचारायच्या आधी दाखवा. तिच्या बापाने, तोरलाइफनेही, आपला काढला. तोही ट्रॉलीत बसला होता. त्याला वाटलं होतं, हा लग्नविधीचाच भाग असणार. समोर धरलेला पासपोर्ट परत कसा करायचा? ल गोफने दोन्ही उघडले, पाहिले आणि बाहेर गेल्याचा शिक्का मारला.

"आणि तुम्ही काय करत होतात?" मी विचारलं.

बर्नार टोपी गोल गोल फिरवत म्हणाला, "आम्ही टाळ्या वाजवल्या. शिक्का पडला तेव्हा बँडमधल्या रोजेने तुतारी फुंकली."

सुनिवाचा व्हिसा एकदाच आत येण्याचा होता. तो ती महिन्याच्या सुरुवातीला आली तेव्हाच वापरून झाला होता. आता ती बाहेर गेली होती.

खुर्चीवरून आई म्हणाली, "बर्नार, तू गाढव आहेस."

"हो आजी."

"तुझा बापही होता."

"हो आजी."

"पण तो बायकोला घरी घेऊन आला होता."

मी एप्रन सोडला आणि निघाले.

हाइनरच्या खानावळीत बाहेरून लग्नघर आणि आतून सुतकाचं घर, असा प्रकार होता. अंगणात बँडवाले अजून वाजवत होते, कारण थांबा म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आत एतियेन डोकं धरून बसलेला. एवढ्या खानावळींतले एवढे पेले पोटात, तरी तोंड खडूसारखं पांढरं. सुनिवा त्याच्या शेजारी, शुक्रवारच्या निळ्या पोशाखात, पाठ ताठ. तोरलाइफ कोपऱ्यात कांद्याच्या टार्टचा तिसरा तुकडा खात होता. तो फार थोडं बोलायचा. मला पाहून त्याने टार्टकडे बोट दाखवलं आणि मान डोलावली.

बर्नारने आपला तोडगा पुन्हा मांडला. "आत्या, तुम्हीच सांगा हिला. मागच्या मळ्यातून चल म्हणतोय. माझ्याच आजोबांच्या वेली आहेत. हद्दीचा दगड ओलांडला की आपलं गाव. ससे जातात, डुकरं जातात."

"डुकरांना राहण्याचा परवाना लागत नाही," सुनिवा म्हणाली. आमची बोली ती एतियेनकडून शिकली होती, त्यामुळे पिंपं करणाऱ्यांच्या शिव्यांसकट उत्तम बोलायची. "आत्या, पुढच्या आठवड्यात मला प्रीफेक्चरमध्ये, जिल्ह्याच्या कचेरीत, राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचाय. तिथे पासपोर्ट उघडून बघणार. बाहेर गेल्याचा शिक्का आहे, आत आल्याचा नाही. मग मी तिथे उभी कशी? हवेतून आले? परवाना नाकारला तर मला निघून जावं लागेल, आणि पुन्हा व्हिसा मागायला गेले तर आधी हेच विचारतील. मला एतियेनबरोबर इथे आयुष्य काढायचंय. त्याची सुरुवात मळ्यातून लपून नाही करायची."

तिचं म्हणणं बरोबर होतं आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. आमच्या गावात परका म्हणजे पॅरिसचा माणूस. नॉर्वेची मुलगी परकी आहे हे आम्ही एव्हाना पार विसरून गेलो होतो.

मी नाक्यावर गेले. ल गोफला स्वतःलाच वाईट वाटत होतं.

"मादाम, मी तिला थांबवलंच नव्हतं. तिने दाखवला."

"मग पुसून टाका तो शिक्का."

"शिक्का पुसत नाहीत, मादाम."

"निदान वरच्या साहेबांना विचारा."

त्याने फोन केला. वरच्या साहेबांनी त्यांच्या वरच्यांना केला. उत्तर एकच: नवा व्हिसा जर्मनीतल्या फ्रेंच वकिलातीतून घ्या, वकिलात शुक्रवारी दुपारी बंद झाली, आता सोमवारी उघडेल. कायद्याने तिचं लग्न झालेलं आहे, म्हणजे मिळेलही, पण मिळाल्यावर या.

म्हणजे शनिवारचं चर्च गेलं.

परत आले तर खानावळीत सभा भरलेली. हिंटरवाइलरचे पाद्री कुणीतरी बोलावून आणले होते. आमच्याच पंथाचे ते. म्हणाले, "माझं चर्च उद्या सकाळी मोकळं आहे. तुमच्या पाद्रींना म्हणावं इकडे या, मी ऑर्गन वाजवतो." पाहुणे? पाहुण्यांना काय, पूल ओलांडला की झालं. जेवणाची भांडी भट्टीतून थेट इकडे आणायची. हाइनर म्हणाला, "टेबलं माझी." सगळं पाच मिनिटांत जमल्यासारखं झालं आणि मग एतियेन म्हणाला, "आणि आजी?"

बाहेरचा बँड नेमका तेव्हाच थांबला.

"आजी नसेल तर मला चर्चमध्ये उभं राहायचं नाही," तो म्हणाला. "मला तिने वाढवलंय. आणि तिला ये म्हणून मी सांगणार नाही. कुणीही सांगायचं नाही."

सुनिवा म्हणाली, "मग वाट बघू. व्हिसा येईल तेव्हा तुमच्या चर्चमध्ये करू. आजी येतील तिथे करू." मग तिने बापाकडे पाहिलं आणि तिचा आवाज बारीक झाला. तोरलाइफने होड्यांचा कारखाना आयुष्यात पहिल्यांदा बंद ठेवला होता. सोमवारी त्याला परत कामावर हजर व्हायलाच हवं होतं, आणि त्याचाही व्हिसा एकदाचाच. व्हिसा यायला किती दिवस लागतील कोण जाणे. वाट बघायची म्हणजे बापाशिवाय लग्न.

एकीकडे इकडे येऊ न शकणारी नवरी, दुसरीकडे तिकडे न जाणारी आजी. मी घरी निघाले ती हे दोन्ही डोक्यात घेऊन, आणि ठरवून, की आईला फक्त झालं ते सांगायचं. पुढचं नाही.

आई अजून खुर्चीवरच होती. मी सांगितलं.

"एकदाच यायची परवानगी होती, तर गेली कशाला?"

"पळवली तिला, आई."

"कुठे नेतो म्हणून तिला कुणी विचारलं नाही?"

"तशी रीतच आहे. नवरीला विचारत नाहीत."

आईने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नॉर्वेने आपलं काय वाकडं केलंय?"

"काही नाही. नियम सगळ्यांनाच आहे."

"मग आता?"

"लग्न पुढे ढकलायचं म्हणतायत."

"तो पाद्री तिकडे चर्च देत नाही का?"

मी भांडी मोजायचं नाटक करत राहिले. माझी आई चौऱ्याऐंशीची होती, पण तिच्यापासून लपून राहील असं तोंड मला कधी करता आलं नाही. तिला कळलं. ती उठली, ओट्यापाशी आली आणि एका झाकणाची कणीक अंगठ्याने दाबून म्हणाली, "इथून वाफ जाईल. कधी शिकणार तू, मार्लीज?" मग दारापर्यंत जाऊन पाठमोरीच म्हणाली, "उद्या सकाळी नाक्यापर्यंत येते मी. त्या पोलिसाशी बोलायचंय."

नाक्यापर्यंत. पुढचं ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. एतियेनला फक्त निरोप धाडला की चर्च धरून ठेवा.

शनिवारी सकाळी धुकं होतं. गाव उतारावर जमलं. बायका रेशमी पोशाखात, पुरुष हातगाड्यांवर गरम भांडी लादलेले. पुलाच्या पलीकडे, जर्मन नाक्याच्या दांडीमागे, सुनिवा उभी होती. पांढरा पोशाख मी पहाटेच तिला पोचवला होता. तिच्या शेजारी एतियेन आणि तोरलाइफ. ओरडलं तर ऐकू जाईल एवढंच अंतर.

आईने काळा कोट घातला होता, डोक्याला काळी रेशमी फीत. माझ्या हातातून हात सोडवून ती एकटी ल गोफसमोर गेली.

"तूच का तो?"

"हो, मादाम."

"त्या मुलीला इकडे येऊ दे."

"देता आलं असतं तर कालच दिलं असतं, मादाम. माझीही एक मुलगी आहे."

आईने त्याच्या मिशांकडे बराच वेळ पाहिलं. खोटं बोलतोय का हे ती असंच तपासायची. मग तिने पिशवी उघडली आणि एकेक कागद त्याच्या खिडकीत मांडायला लागली. ओळखपत्र, जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला.

"मला काय लागतं?"

"कशाला, मादाम?"

"पलीकडे जायला. सगळं आणलंय. जन्मले तेव्हा मी जर्मन होते, मग फ्रेंच झाले, मग पुन्हा त्यांनी जर्मन केलं, मग पुन्हा फ्रेंच. मी घरातून कुठे हलले नाही, हेच येऊन बदलत गेले. यातलं कुठलं चालेल ते बघ."

ल गोफने सगळे कागद गोळा करून दोन्ही हातांनी तिला परत दिले.

"तुम्हाला काहीच लागत नाही, मादाम. हवं तेव्हा जा. हवं तेव्हा या."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

आई म्हणाली, "मग मला शिक्का मार."

"तुम्हाला शिक्का नसतो, मादाम."

"पोरीला मारलास तो मार. माझा मुलगा इथूनच गेला. तो गेल्याचं या नाक्यावर कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून परत आला नाही तेव्हा कुणी विचारलंही नाही. मी गेले हे लिही. संध्याकाळी परत येईन, तेव्हा आले हेही लिही."

मागे हातगाड्या होत्या, भांडी होती, गाव होतं. ल गोफने इकडेतिकडे पाहिलं. आईच्या पिशवीतून लग्नाच्या जेवणाचं छापील कार्ड डोकावत होतं, तेच त्याने उचललं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर शिक्का मारला. तारीख नीट उठली नाही म्हणून पुन्हा मारला. मग टाचा जुळवून त्याने सलाम ठोकला. नियमात असेल-नसेल.

आईने कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं, पिशवीत ठेवलं आणि पुलावर चालू लागली. मधोमध ती थांबली. कठड्यावर हात ठेवून तिने खाली ओढ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती फिरणार. मी पाऊल उचललं, तर आल्बेरने माझा दंड धरला. तेवढ्यात पलीकडून सुनिवा जर्मन दांडीखालून वाकून पुढे आली, पोशाख गुडघ्यापर्यंत उचलून, जिथवर तिला येता येत होतं तिथवर, आणि पुलाच्या तोंडाशी उभी राहिली.

"आजी," ती म्हणाली, "मला याच्या पुढे नाही येता येत."

"दिसतंय मला," आई म्हणाली. "थांब तिथेच. येतेय."

आणि गेली.

मग बाकीचं गाव गेलं. जर्मन नाक्यावरच्या माणसाने आमच्या हातगाड्या अडवून विचारलं, काही जाहीर करण्यासारखं आहे का. बर्नार म्हणाला, "भूक." माणसाने झाकणं उघडा म्हटल्यावर मी पुढे झाले. "साहेब, ही कणीक फोडली तर वाफ जाईल आणि मग हे तुम्हालाच इथे बसून संपवावं लागेल." तो वास घेत उभा राहिला. खाल्लं असतं त्याने, पण त्याची पाळी दुपारपर्यंत होती. पाळी संपल्यावर थेट जेवायलाच आला.

लग्न लागलं. आमचे पाद्री बोलले, त्यांचे पाद्री ऑर्गन वाजवत होते आणि मध्येच दोघांचं एक कडवं पुढेमागे झालं. तोरलाइफ रडला, अगदी आवाज न करता, बांधून झालेली होडी पाण्यात सोडताना माणूस रडेल तसा. जेवायला आई हाइनरच्या म्हाताऱ्या आईशेजारी बसली. एल्सबेट तिचं नाव. लहानपणी दोघी ओढ्यावर एकत्र कपडे धुवायच्या. एल्सबेटचाही एक मुलगा रशियात राहिला होता.

एल्सबेट म्हणाली, "इतकी वर्षं कुठे होतीस गं?"

"घरीच."

"मी रोज तुझी चिमणी बघायचे. धूर आला की म्हणायचे, आहे."

आईने टार्टचा तुकडा तोडून तोंडात टाकला. "कांदा कमी पडलाय," ती म्हणाली.

"तुझ्या आईच्या हातचा तरी कधी पुरला?" एल्सबेट म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की बँडवाल्यांनी वळून पाहिलं.

आई नाचलीसुद्धा, एकदा, एतियेनबरोबर. संध्याकाळी सगळे परत निघालो तेव्हा नवरी मात्र दारात उभी राहून आम्हाला हात हलवत होती. असं लग्न मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही: वऱ्हाड घरी आणि नवरानवरी खानावळीत. नाक्यावर आईने कार्ड पुढे केलं. ल गोफने परत आल्याचा शिक्का मारला.

सोमवारी सुनिवा वकिलातीत गेली. तिथल्या बाईने सगळी हकीकत ऐकली, लग्नाचा दाखला पाहिला आणि विचारलं, "पण तुम्ही पासपोर्ट दाखवलातच का?" व्हिसा यायला दहाबारा दिवस गेले. तोवर ती हाइनरकडे राहिली, जर्मनीत नॉर्वेच्या माणसाला व्हिसा लागत नव्हता. एतियेन सकाळी पूल ओलांडून पिंपं करायला यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. अंधाराच्या आत नवरी घरी आली नव्हती, म्हणून रीतीप्रमाणे भुर्दंड बर्नारवर पडला. त्याने तो खानावळीतली भांडी घासून फेडला. हाइनर सांगायचा, इतकी स्वच्छ भांडी त्याच्याकडे पुन्हा कधी निघाली नाहीत. व्हिसा आला त्या दिवशी सुनिवा भर दुपारी पुलावरून चालत आली, पासपोर्ट हातात उंच धरून, आणि रोजेने पुन्हा तुतारी फुंकली.

तो व्हिसाचा नियम दोन-तीन वर्षांत उठला. पुढे नाकेही गेले.

ल गोफ पुढल्या वसंतात आपल्या समुद्राकडे परत गेला. दर नववर्षाला आईच्या नावाने त्याचं दीपगृहाचं कार्ड यायचं. आई गेल्यावरही एक आलं, मग मीच त्याला कळवलं. हाइनरची खानावळ त्याच्या मुलांनी विकली. हाइनर मुलीकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. बर्नार गावचा महापौर झाला, लागोपाठ तीनदा. पळवापळवी त्याने बंद केली नाही, पण आधी नवरीला विचारून घ्यायची पद्धत त्याने घातली, आणि ती चांगली पद्धत आहे. तोरलाइफ रविवारीच जर्मनीतून परस्पर आपल्या बेटावर गेला. नंतर दोनदा आला, दोन्ही वेळा आमच्या तळघरातल्या पायऱ्या नव्या करून दिल्या. तो शहाण्णव साली गेला. आई दर गुरुवारी एल्सबेटकडे जायला लागली. एल्सबेट आधी गेली, त्यानंतर दोन वर्षांनी आई, झोपेत, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. आल्बेर पंधरा वर्षांपूर्वी गेला.

सुनिवाला परवाना मिळाला. ती आणि एतियेन दोघं मिळून कारखाना चालवायची, अर्धा पिंपांचा, अर्धा होड्यांचा. आमच्या ओढ्यात बदकं जेमतेम तरंगतात, तरी तिच्या होड्या ऱ्हाइनच्या काठाकाठाने विकल्या गेल्या. आता कारखाना थोरल्या मुलीकडे आहे. तरी सुनिवा सकाळी सातच्या आत तिथे हजर असते, आणि एतियेनने लाकूड जास्त तापवलं की आमच्या बोलीतल्या सगळ्या शिव्या तिच्या उत्तरेकडच्या चालीवर भिंतीपलीकडून मला ऐकू येतात. त्या ऐकल्या की मी कॉफी चुलीवर ठेवते. थोड्या वेळाने दोघं येतातच.